उतारावरचा फ्रीज

मी एक जुना फ्रीज आहे.

मी एक जुना फ्रीज आहे आणि सध्या डोक्यावर उभा आहे.

थांबा. पुन्हा सांगतो. माणसाला उलटे केले तर त्याचे रक्त डोक्यात उतरते. माझेही तसेच झाले आहे. पोटातल्या नळ्यांमधले पाणी भलत्याच नळीत जाऊन बसले आहे, त्यामुळे बोलता बोलता मी मध्येच अडेन. सांभाळून घ्या, मित्रांनो.

मी एक जुना फ्रीज आहे. घरातला नव्हे, कॅम्परमधला. कॅम्पर म्हणजे चाकांवरचे घर. झोपायला फळ्या, हात धुवायला बेसिन, एक शेगडी आणि शेगडीखाली मी. उंचीला तुमच्या कमरेएवढा. आता मला हॉस्पिटलच्या मागच्या आवारात, मोडक्या खाटा टाकतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उलटे ठेवले आहे. माझ्यात एका बाळाचे दूध होते. ते मला राखता आले नाही. गोष्ट एवढीच आहे. पण एवढीच सांगितली तर तुम्ही म्हणाल, फ्रीज नालायक होता. म्हणून सगळी सांगतो.

*

चुलीवर बर्फ

तुमच्या घरातल्या फ्रीजच्या पोटात एक यंत्र असते. ते घुरघुरते आणि गारवा तयार करते. माझ्या पोटात तसे काही नाही. माझ्या पाठीमागे, अगदी खाली, करंगळीएवढी गॅसची ज्योत जळते. तिच्यामुळे एका नळीतले अमोनिया मिसळलेले पाणी तापते आणि वर चढते. मग ते निवते आणि दुसऱ्या नळ्यांमधून स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरते. या चढण्या-उतरण्यातून माझ्या आत गारवा येतो. मोटर नाही, आवाज नाही. कारखान्यात मला जोडणाऱ्या बायकांनाही याचे हसू येई. त्यांनी माझे नावच ठेवले होते, ‘चुलीवर बर्फ’.

पाणी खाली उतरते, असे मी म्हटले. ते लक्षात ठेवा. त्यासाठी माझ्या नळ्यांना उतार दिलेला असतो. फार नाजूक उतार. मी सपाट जागेवर उभा असेन, असे धरून तो दिलेला असतो. गाडी धावत असताना हिसक्यांनी पाणी पुढे सरकते, तेव्हा काळजी नसते. पण गाडी एका जागी तिरकी उभी राहिली की माझा उतार मोडतो. पाणी वाटेत अडून बसते. ज्योत मात्र जळतच राहते. मग कोरडी पडलेली नळी करपते आणि पाण्यातले क्षार तिच्यात दगडासारखे घट्ट बसतात.

म्हणून कारखान्यातून निघताना माझ्यावर एक पट्टी चिकटवली होती. ‘सपाट जागीच पेटवा.’

कुठे चिकटवली होती? पाठीवर.

आणि माझी पाठ भिंतीकडे.

*

गोटी

माझा पहिला मालक निवृत्त बसड्रायव्हर होता. आयुष्यभर दुसऱ्यांना पोहोचवले, आता आपण जाऊ, असे म्हणून त्याने कॅम्पर घेतली होती. तो आणि त्याची बायको, दोघेच. कुठेही मुक्काम केला की तो आधी खिशातून काचेची एक गोटी काढी. निळी, आत पांढरे पाते असलेली. ती माझ्यासमोर जमिनीवर ठेवी. गोटी घरंगळली की तो खाली उतरे, कुठल्या तरी चाकाखाली दगड सरकवी आणि बाहेरूनच ओरडे, “आता?”

“पळतेय अजून!” बायको आतून सांगे.

“आता?”

“थांबली हो, थांबली! या आता, नाही तर चाकाखाली तुम्हीच जाल.”

गोटी थांबली की तो मला पेटवी. मगच चहाचे आधण चढे. बायको कुरकुरे, “माझे गुडघे दुखतात त्याची कधी एवढी विचारपूस नाही. त्या फ्रीजची तब्येत मात्र रोज बघायची.”

“तो उलट बोलत नाही ना,” तो म्हणे.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. तापलेल्या माळावर मी थंडगार पाणी दिले आहे. येणारे-जाणारे म्हणत, मूर्ती लहान पण कीर्ती महान. मला वाटे, ही कीर्ती माझी आहे. ती त्या गोटीची होती, हे मला फार उशिरा कळले.

पुढे बायकोचे गुडघे इतके दुखायला लागले की तिला गाडीची पायरी चढवेना. कॅम्पर विकायची ठरली. ड्रायव्हरने नव्या मालकाला सगळे सांगितले. टायर कधी बदलले, सिलेंडर कसा लावायचा, छत कुठे गळते. निघताना मागे वळून म्हणाला, “आणि गोटी खणात आहे, बरं का.”

एवढेच. त्याला वाटले, सांगून झाले. ज्याला जी गोष्ट रोजची असते, त्याला ती सांगावी लागते असे वाटतच नाही.

*

थेंब थांबणार नाही

नवा मालक प्लंबर होता. ड्रेनेजच्या लाइनी टाकणे हा त्याचा धंदा. त्याला सगळ्या जगात एकच गोष्ट दिसे, पाणी कुठे तुंबते. कुणाच्या घरी पाहुणा गेला तरी तो आधी मोरीचा उतार बघे. त्याची थोरली बहीण म्हणे, “हा ताटात वाढलेलं कालवण खात नाही, आधी ते कुठे वाहतंय ते बघतो.” तो हसत नसे. म्हणे, “ताई, घराला रोग लागतो तो साचलेल्या पाण्यानं. हसू नकोस.”

सहलींसाठी त्याने ही गाडी घेतली होती. पण पहिल्या सहलीआधीच त्याचे बाळ जन्माला आले. दिवस भरायच्या कितीतरी आधी. त्यांच्या गावापासून लांबच्या या हॉस्पिटलमध्ये. इथे राहायला जागा नव्हती. मग कॅम्परच मागच्या आवारात आणून उभी केली, आणि बाळाची आई, प्लंबर आणि बाळाची आत्या असे तिघे तिच्यात राहू लागले. बाळ वर, काचेच्या पेटीत. आत्या सांगे, त्याची मूठ तिच्या नखाएवढी होती.

बाळाला नळीतून थेंब थेंब दूध देत. डॉक्टरांनी बजावले होते, आईचे दूध हेच त्याचे औषध, वरचे त्याच्या आतड्यांना झेपणार नाही. पण आईच्या पोटात गाठ निघाली होती. तिचे ऑपरेशन पुढे ढकलता येत नव्हते. त्यानंतर तिला जी औषधे द्यायची होती, ती चालू असेपर्यंत तिचे दूध बाळाला चालणार नव्हते. म्हणून आधीच साठवण करायची. हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये प्रत्येक बाळाचे फक्त त्या दिवसापुरते दूध ठेवून घेत. बाकीचे सगळे माझ्यात.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे काम होते, मित्रांनो. बसड्रायव्हरचे सरबत नव्हे. आई फळीवर बसून यंत्राने दूध काढी. कधी एक घोट निघे, कधी तेवढेही नाही. ती लहानशी बाटली माझ्यात ठेवताना दार इतके हळू लावी, की जणू आत बाळच झोपले आहे.

नर्सने सांगितले होते, स्वच्छता ठेवा, भांड्यांजवळ पाणी साचू देऊ नका. आणि कॅम्परचे बेसिन तर तुंबायचे. प्लंबरला ते कसे सहन व्हावे? तो खाली उतरला, एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि गाडी त्या बाजूने उचलली. उतार पुरेसा झाला की नाही हे बघायला त्याला काहीतरी गोल हवे होते. त्याने खण उघडला.

निळी गोटी.

ती त्याने माझ्यासमोर, त्याच जागी ठेवली. गोटी सुसाट निघाली आणि थेट बेसिनखाली जाऊन आपटली.

“बघितलंस?” तो बायकोला म्हणाला. त्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. “आता थेंब थांबणार नाही.”

बेसिनमधले पाणी खरोखरच खळकन निघून गेले. बायको म्हणाली, “बरं झालं बाई.”

तीच गोटी. तीच जमीन. मी ओरडलो. फ्रीजला ओरडता येते ते एकाच रीतीने, मित्रांनो. तो गार होत नाही.

*

गॅस आहे का?

आहे. प्लंबरने सिलेंडर हलवून बघितला.

ज्योत निळी आहे का?

पिवळी होती. त्याने पोटावर आडवे होऊन ब्रशने काजळी काढली. निळी झाली. आता मी जास्त जोरात करपू लागलो.

मागे हवा खेळते का?

गाडीच्या बाहेरून माझ्या पाठीला एक जाळी आहे. ती उघडली तर आत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले. “सापडला चोर!” प्लंबर ओरडला. आत्याने तो मातीचा गोळा सगळ्या आवाराला दाखवला. त्या संध्याकाळी वारा सुटला, हवाच गार झाली, माझ्या आतला थर्मामीटर जरा खाली आला. आईने थर्मामीटर बघितला आणि डोळे मिटून घेतले. तिला वाटले, सुटलो.

तसे मलाही वाटावे, असे फार वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारा पुन्हा वर. प्लंबरने बर्फाची लादी आणून माझ्यात कोंबली. ती वितळली.

दार नीट लागते का?

कागदाचा तुकडा दारात अडकवून ओढून बघितला. घट्ट होता. तरी आत्याने आपली ओढणी माझ्याभोवती करकचून बांधली. “पळून जातो की काय गारवा, बघतेच.”

कॉम्प्रेसर कुठे आहे?

हा प्रश्न फ्रीज दुरुस्त करणाऱ्याने विचारला. त्याने मला बाहेर ओढले, चारही बाजूंनी बॅटरी मारली, वाकला, उठला, पुन्हा वाकला.

“याला कॉम्प्रेसरच नाही.”

“म्हणजे चोरीला गेला?” आत्याने विचारले.

“मावशी, हा फ्रीजच नाही. हा बंब आहे. याच्याखाली आग लावलीय तुम्ही!”

“मग विझवायची का?”

“विझवा, नाही तर पेटवा. मला विचारू नका. असला प्राणी मी पाहिलेला नाही.”

तो माझ्या पाठीशी उभा होता. पट्टी त्याच्या नाकासमोर होती. तिच्यावर काजळीचा थर होता. त्याने तिथेच बोटे पुसली आणि तो निघून गेला.

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. त्या गाडीत सगळेच तिरके झाले होते. तिरके झोपत, तिरके उभे राहत, तिरका चहा पीत. रोजच्या तिरकेपणाला डोळा सरावतो. मला वाटत राहिले, हा माणूस आयुष्यभर नळ्यांना उतार देत आला. माझ्या पोटातही नळ्याच आहेत. ह्याला नाही कळणार, तर कुणाला? पण माझ्या नळ्या चारी बाजूंनी बंद आहेत. त्याला दिसला तो फक्त माझा पांढरा दरवाजा. तो दरवाजा त्याने किती वेळा पुस

अडलो. माफ करा. पुसला, म्हणत होतो. स्वच्छ फडक्याने, रोज.

*

दूध तिरके का दिसते?

हा प्रश्न बाळाच्या आईने विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे ऑपरेशन होते. दुपारची वेळ. दुसऱ्या दिवसापुरत्या बाटल्या मोजून वर न्यायच्या म्हणून ती माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. एक बाटली माझ्या फळीवर ठेवून ती नुसतीच बघत राहिली.

“अहो.”

“काय गं?”

“दूध तिरकं आहे.”

“बाटली नीट ठेव.”

“बाटली नीटच आहे. फळी बघा आणि दूध बघा. फळी एकीकडे जातेय, दूध दुसरीकडे.”

प्लंबर तिच्याशेजारी येऊन बसला. बाटलीतल्या दुधाची पांढरी कड सरळ होती. पृष्ठभाग कधी खोटे बोलत नाही, हे त्याच्या धंद्यातले पहिले वाक्य. सरळ नव्हतो तो मी, आणि ते सगळे घर. त्याने खणातून गोटी काढली आणि जमिनीवर ठेवली. ती सुसाट गेली.

“हा उतार तर मीच दिलाय,” तो म्हणाला. त्याने वाकून बेसिनखालून गोटी काढली. “फ्रीजला उतारानं काय होणार?”

“मला विचारताय?” आई म्हणाली. “त्या ड्रायव्हरकाकांना फोन करा.”

फोनचा आवाज मोठा होता. मी ऐकला.

“गोटी थांबत होती का?” ड्रायव्हरने विचारले.

“थांबत नव्हती, काका. मी थांबू दिली नाही.”

 फोनवर मागून ड्रायव्हरच्या बायकोचा आवाज आला, “काय झालं हो? आपला फ्रीज ना?” ड्रायव्हर म्हणाला, “तसाच पेटता ठेवलात? रोज? अरे माझ्या राजा.” पुढे म्हणाला, “विझवा. बाहेर काढा, डोक्यावर उभा करा आणि राहू द्या. कधी कधी नळी सुटते. कधी कधी.”

आत्याने तेवढ्यात कपाळ बडवले. “मी म्हणत होते, चहा कपात तिरका दिसतो! म्हणत होते की नाही?”

“नव्हतीस म्हणत, ताई,” प्लंबर म्हणाला. अगदी हळू.

तो बाहेर गेला आणि चाकांखालच्या फळ्या त्याने काढल्या. गाडी सपाट झाली. आत सगळ्यांना क्षणभर तोल गेल्यासारखे वाटले, इतकी तिरकेपणाची सवय झाली होती.

*

ओता

नर्स खाली आली. तिने एकेक बाटली उघडली, हुंगली, दूध बोटाला लावून बघितले. तिसऱ्या बाटलीनंतर तिने उघडायचे थांबवले.

“हे नाही देता येणार.”

“मागच्या तरी?” आईने विचारले. “त्या आत होत्या, गारव्याला.”

“आत गारवा नव्हता, बाई.”

आईने हट्ट केला नाही. रडलीही नाही. ती म्हणाली, “मी ओतते.” प्लंबरने तिच्या हातातून बाटली घेतली. “तू बस.”

त्याने पहिली बाटली बेसिनमध्ये ओतली. दूध गेले नाही.

मित्रांनो, गाडी आता सपाट होती. उतार उरला नव्हता. दूध बेसिनच्या तळाशी पसरून तसेच राहिले, पांढरे, निश्चल. त्याने दुसरी ओतली. तिसरी. ज्या माणसाने आयुष्यात कुठे थेंब साचू दिला नाही, त्याच्यासमोर त्याच्या बाळाचे दूध साचून राहिले होते आणि जाईना. त्याची बायको मागे बसून बघत होती. शेवटी त्याने तळहाताने ते दूध भोकाकडे लोटायला सुरुवात केली. थोडे जाई, बाकीचे बोटांमधून परत येई. तो लोटत राहिला.

नळ सोडायचे त्याला सुचले नाही. कुणी सुचवलेही नाही.

*

उलटा

मग मला इथे आणून उलटे केले. नळ्यांमध्ये गुडगुड झाली, आत काहीतरी हलले. प्लंबर कान लावून बसला होता. “सुटतंय,” तो म्हणाला. सुटत नव्हते. पाणी फक्त जागा शोधत होते. दगड दगडाच्या जागी होता.

इथून पुढचे मला तुकड्या-तुकड्याने कळले, शेडच्या सावलीत येऊन बसणाऱ्यांकडून. आईचे ऑपरेशन ठीक झाले. बाळाला पावडरचे दूध सुरू केले. बाळाचे पोट फुगले. दूध बंद केले. सलाईन लावले. आत्या एकदा माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, “तुझा काय दोष रे.” कुणीतरी हे म्हणावे असे मला वाटत होते. म्हटल्यावर त्याने काहीच झाले नाही.

एका सकाळी प्लंबर आला. त्याने माझे दार उघडले, आत काहीतरी ठेवले, दार लावले. दुरुस्तीचे त्याने नावही काढले नाही. मग आवारात कॅम्परचे इंजिन सुरू झाले.

मी जमिनीलगत आहे. इथून मला फक्त पाय दिसतात. आत्याचे पाय चढले. मग आईचे. ती पायरी फार सावकाश चढली. हातात काहीतरी जपून धरलेले माणूस चढते तशी. पण पोटावर टाके असलेले माणूसही तसेच चढते. पावलांवरून हात कळत नाहीत, मित्रांनो. मी रडण्याचा आवाज ऐकू येतो का म्हणून कान लावले. इंजिन चालू होते.

गाडी गेली.

मला एवढेच ठाऊक आहे. जास्त सांगता आले असते तर सांगितले असते.

तुमच्या घरात माझ्यासारखी मुकी यंत्रे असतील. ती बिघडली की त्यांना लाथ मारण्याआधी, उघडण्याआधी, शिव्या देण्याआधी, ती कशावर उभी आहेत ते एकदा बघा. आणि एखादी साधी गोष्ट तुम्हाला रोजची म्हणून माहीत असेल, तर ती पुढच्याला पूर्ण सांगा. गोटी कुठे आहे, एवढेच सांगू नका. ती कशासाठी आहे, तेही सांगा.

प्लंबरने माझ्यात काय ठेवले, ते सांगायचे राहिले. गोटी. ती माझ्या छतावर पडली आहे, जे आता माझी जमीन आहे. शेडमधली फरशी कुणी घातली कुणास ठाऊक, पण घातली आहे अगदी सपाट.

गोटी थांबली आहे.